गेट-इनची वेळ: डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीत सापडलेले सहा कंटेनर

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातल्या एका मध्यम आकाराच्या कांदा निर्यातदाराचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, टनांचे आणि रुपयांचे आकडे, गाड्यांच्या वेळा थोड्या बदलल्या आहेत. सरकारी आदेश आणि त्यांच्या तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

निर्यातबंदी शेतकऱ्यासाठी किती वाईट आणि शहरातल्या ग्राहकासाठी किती गरजेची, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. इथला प्रश्न लहान आहे. रात्री निघालेला आदेश एका व्यापाऱ्याने कसा वाचला, कोणता निर्णय कधी घेतला आणि त्याचं नुकसान नेमकं कुठे झालं? त्या रात्री सगळ्यांचे डोळे बंदराकडे लागले होते. पैसे गेले ते खळ्यावर.

पार्श्वभूमी

निर्यातदाराचा खळा निफाड तालुक्यात आहे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या लिलावात माल घ्यायचा, खळ्यावर निवड आणि प्रतवारी करायची, जाळीच्या गोण्या भरून रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरने न्हावा शेवा बंदराला पाठवायचा, हा धंदा. मुख्य खरेदीदार मलेशियातला, बराच जुना. हंगामात आठवड्याला तीन-चार कंटेनर जायचे, एका कंटेनरमध्ये साधारण २८ टन. व्यवहार विश्वासावर चालायचा: ३० टक्के आगाऊ, बाकी रक्कम कागदपत्रं पोहोचल्यावर. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी, उघडण्याची वेळ कधी आलीच नव्हती. करार म्हणजे अर्ध्या पानाचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल.

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. खरिपाच्या कांद्याची लागवड लांबली, कांदाचाळीतला उन्हाळ कांदा सरत आला आणि किरकोळ भाव चढू लागले. १९ ऑगस्टला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. २८ ऑक्टोबरला शुल्काची जागा किमान निर्यात मूल्याने घेतली: टनाला ८०० डॉलर, २९ ऑक्टोबरपासून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे किलोला साधारण ६६-६७ रुपयांच्या खाली माल देशाबाहेर पाठवायचा नाही. (१९ ऑगस्ट आणि २८ ऑक्टोबर, दोन्ही दिवशी शनिवार होता. बाजारात याचा विनोद झाला होता, की शनिवारी संध्याकाळी फोन बंद ठेवावा.) २६ नोव्हेंबरला नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली, लाल कांद्याचं नुकसान झालं आणि आवक आणखी रेंगाळली.

ऑगस्टच्या शुल्काने निर्यातदाराला एक धडा शिकवला होता, आणि पुढे हाच धडा आडवा आला. त्या वेळी त्याचे दोन कंटेनर बंदरात पोहोचलेले होते, शिपिंग बिल (कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा अर्ज) दाखल होतं, पण 'लेट एक्स्पोर्ट ऑर्डर' (एलईओ), म्हणजे माल जहाजावर चढवायची कस्टम्सची अंतिम परवानगी, मिळाली नव्हती. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे निर्यात शुल्काचा दर ठरतो तो ही परवानगी मिळाल्याच्या तारखेचा. करार जुना होता, खरेदी जुनी होती, माल आत होता, तरीही दोन्ही कंटेनरवर ४० टक्के भरावे लागले. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं: एलईओ नाही म्हणजे काहीच नाही.

डिसेंबर उजाडला तेव्हा बाजारात एक समजूत होती. पाच राज्यांच्या निवडणुका संपल्या, ३ डिसेंबरला बहुतेक निकालही लागले, किमान मूल्याची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत आहे. तोवर दिल्लीहून काही येणार नाही. ८०० डॉलरलाही मलेशियातून मागणी होती. निर्यातदाराने पहिल्या आठवड्यात जोरात खरेदी केली. भागीदार थोडा बिचकत होता, पण चालत्या बाजारात थांबा म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं?

समस्या: ७ डिसेंबरची रात्र

७ डिसेंबर, गुरुवार. विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली: ८ डिसेंबरपासून ३१ मार्च २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद. निर्यातदाराला ती कळली व्हॉट्सॲपवर, रात्री जेवण झाल्यावर, आणि तीही दोन ओळींची: 'कांदा निर्यातबंदी. उद्यापासून लागू.' मूळ पीडीएफ कोणीच पाठवली नव्हती.

त्या क्षणी त्याचा माल असा विखुरलेला होता. दोन कंटेनर टर्मिनलमध्ये, एलईओ मिळालेले, जहाजाची वाट पाहत. दोन कंटेनर बंदराजवळच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे कस्टम्सच्या देखरेखीखालच्या कंटेनर यार्डात. दुपारी चार आणि पाचच्या सुमारास गेट-इन झालेले (आत शिरल्याची नोंद पडलेले), शिपिंग बिल दाखल, एलईओ बाकी. पाचवा रस्त्यावर, कसारा घाट उतरून शहापूरच्या पुढे. सहावा खळ्यावर, अर्धा भरलेला. आणि या अर्ध्या कंटेनरसकट खळ्यावर सुमारे ८० टन लाल कांदा, सरासरी ३६ रुपये किलोने घेतलेला. त्यातला २२ टन त्याच दिवशी सकाळच्या लिलावातला, ज्याचे पैसे अजून शेतकऱ्यांना द्यायचे होते.

लाल कांद्याची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो. लाल कांदा टिकत नाही. त्यात पाणी जास्त, पापुद्रा पातळ. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसू लागतात, वजन घटतं, आणि गारपिटीत सापडलेला असेल तर त्याहून लवकर. म्हणजे 'थांबून बघू' हा पर्याय कागदावरच होता.

पहिला निर्णय: सीएफएसमधले दोन कंटेनर

निर्यातदाराची पहिली प्रतिक्रिया ऑगस्टच्या अनुभवातून आली. एलईओ नाही, तेव्हा हे दोन गेले. रात्रीच कस्टम्स एजंटला फोन करून त्याने सांगितलं की सकाळी दोन्ही 'बॅक टू टाउन' करा, म्हणजे बंदरातून परत बाहेर काढा. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात बाकीच्यांचे परतलेले कंटेनर यायच्या आत आपला माल विकून घ्यायचा, हा हिशोब. हिशोब म्हणून तो चुकीचा नव्हता.

एजंटकडच्या एका तरुण कर्मचाऱ्याने मात्र राजपत्रावरून मूळ अधिसूचना काढून वाचली आणि अकराच्या पुढे उलट फोन केला. "शेठ, घाई करू नका. यात तिसरा मुद्दा बघा."

अधिसूचनेत बंदीतून तीन प्रकारच्या मालाला वाट ठेवली होती. एक, अधिसूचनेआधी जहाजावर चढवायला सुरुवात झालेला माल. दोन, शिपिंग बिल दाखल आहे आणि जहाज आधीच भारतीय बंदरात लागलेलं किंवा नांगरलेलं असून त्याला रोटेशन नंबर (जहाजाच्या आगमनाचा नोंदणी क्रमांक) मिळाला आहे, असा माल. तीन, अधिसूचनेआधी कस्टम्सच्या ताब्यात देऊन त्यांच्या प्रणालीत नोंदलेला, किंवा कस्टम्स स्टेशनात शिरलेला आणि तिथल्या ताबेदाराच्या (माल सांभाळणाऱ्या संस्थेच्या) संगणकीय नोंदीत तारीख-वेळेसह दिसणारा माल. अशा मालाला ५ जानेवारी २०२४ पर्यंत निर्यातीची मुभा होती.

एलईओची अट कुठेच नव्हती. ऑगस्टचा आदेश शुल्काचा होता. त्याची कसोटी कायद्याच्या कलमातून आली. डिसेंबरचा आदेश बंदीचा होता. त्याची कसोटी आदेशातच लिहिली होती, आणि ती अधिक सैल होती. माल तोच, बंदर तेच, सरकार तेच, पण माल 'गेला' असं कधी मानायचं याची दोन निराळी उत्तरं. धंद्यातल्या अनुभवी माणसाला अनुभवच कसा फसवतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

कंटेनर मागे घ्यायचा आदेश रद्द झाला. अडचण संपली मात्र नाही. गेट-इनची तारीख ७ डिसेंबर आणि अधिसूचनेची तारीखही ७ डिसेंबर. पडताळणीत साहजिक विचारणा झाली: मग हा माल अधिसूचनेच्या 'आधीचा' कसा?

इथे एजंटने जो मुद्दा मांडला तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी, पुलवामानंतर, पाकिस्तानहून येणाऱ्या मालावर २०० टक्के शुल्क लावणारी अधिसूचना ई-राजपत्रावर रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी चढली. त्याच दिवशी, पण त्याआधी, अटारीला कागदपत्रं दाखल केलेल्या आयातदारांकडूनही नवा दर मागितला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२० मध्ये चठ्ठा राइस मिल्सच्या खटल्यात निकाल लागला: ई-राजपत्राच्या काळात अधिसूचना लागू होते ती प्रसिद्ध झाल्याच्या नेमक्या वेळेपासून, त्या तारखेच्या मध्यरात्रीपासून नाही. तो खटला आयातीचा आणि शुल्काचा होता, म्हणजे जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण 'आधी' आणि 'नंतर' तारखेने नव्हे तर घड्याळाने मोजायचं, हे तत्त्व त्यातून मिळत होतं.

एजंटने फाइल बांधली: सीएफएसच्या प्रणालीतली गेट-इनची वेळ, ई-सीलच्या (कंटेनरवरच्या इलेक्ट्रॉनिक सीलच्या) वाचनाची वेळ, शिपिंग बिलाची प्रत आणि राजपत्राच्या पीडीएफवरच्या डिजिटल सहीची वेळ. चारही एकाच कागदावर, वेळेच्या क्रमाने, वर दोन वाक्यांचा अर्ज. वकिली भाषा टाळली. काही दिवस गेले, एकदा जास्तीची माहिती मागितली गेली, पण परवानगी मिळाली. दोन्ही कंटेनर डिसेंबर सरायच्या आत जहाजावर चढले. इतके दिवस रीफर वीजजोडणीवर ठेवल्याचं भाडं भरावं लागलं, आणि माल पोहोचल्यावर काही गोण्यांत कोंब दिसले म्हणून खरेदीदाराने थोडी वजावट घेतली. तरीही वाशीला विकून जे मिळालं असतं त्याच्या दुपटीहून जास्त हाती आलं.

दुसरा निर्णय: रस्त्यावरचा कंटेनर

पाचव्या कंटेनरचं काय करायचं, यावर दोघा भागीदारांत मतभेद झाले. निर्यातदार म्हणत होता गाडी पुढे जाऊ द्या, बारा वाजायच्या आत आत घुसवा. भागीदाराचं म्हणणं होतं की आता आत घातला तर बाहेर काढायचा खर्च वर. त्यापेक्षा कळंबोलीला थांबवा, सकाळी सरळ वाशी.

गाडी पुढे गेली. चालक आधीच शहापूरला जेवायला थांबला होता, त्यानंतर भिवंडी आणि कळंबोलीची कोंडी लागली. सीएफएसच्या रांगेत गाडी मध्यरात्रीच्या जरा आधी लागली आणि गेट-इनची नोंद पडली रात्री एक वाजून वीस मिनिटांनी, ८ डिसेंबरला. रांगेत उभं असल्याचा पुरावा होता, टोलच्या फास्टॅगच्या नोंदी होत्या, निघाल्याची बिल्टी होती. यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. आदेशात 'शिरलेला' असं होतं, 'निघालेला' असं नाही. आणि अधिसूचना तर त्याच्या कितीतरी आधी प्रसिद्ध झालेली.

भागीदार बरोबर होता, पण त्याच्या बाजूने बोलणारा कागद त्या क्षणी कोणी वाचलेला नव्हता. कंटेनर आत गेल्यामुळे तो बाहेर काढायला शिपिंग बिल रद्द करणं, परवानगी, उचल-ठेव, असा खर्च आणि दीड दिवस गेला. माल वाशीला २७ रुपयांनी विकला. २८ टनांवर किलोमागे नऊ रुपये, म्हणजे अडीच लाखांचा फटका, अधिक खर्च.

जेवणासाठी थांबलेल्या चालकाला नंतर बरेच बोल लावले गेले. मला ते पटत नाही. तो वेळेत पोहोचला असता तरी बंदी लागू व्हायच्या आत पोहोचला असता, असं कशावरून?

तिसरा निर्णय: खळ्यावरचा ८० टन

हा खरा निर्णय होता, आणि याच निर्णयाला सर्वांत कमी लक्ष मिळालं. दोघं चार दिवस बंदराच्या मागे होते. खळ्यावरचा माल 'आहे, बघू' या खात्यात पडून राहिला.

८ तारखेला जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी उतरले. शिष्टमंडळं दिल्लीला जाणार, मंत्री भेटणार, दोन दिवसांत काहीतरी सवलत निघणार, अशा बातम्या तासातासाला फिरत होत्या. समोर पाच वाटा होत्या.

लगेच देशी बाजारात विकणं: दिल्ली, कोलकाता, चेन्नई, जिथे भाव थोडा तग धरून होता तिथे ट्रक लावायचे. तोटा नक्की, पण मोजता येण्यासारखा.

सवलतीची वाट पाहणं. याच्या बाजूने फक्त आशा होती.

सरकारी खरेदीत माल देणं. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था सरकारच्या राखीव साठ्यासाठी कांदा घेत होत्या. ऑगस्टमध्ये त्यांनी २,४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर केली होती. पण ती खरेदी शेतकऱ्यांकडून, त्यांच्या संस्थांमार्फत. व्यापाऱ्याच्या खळ्यावरच्या मालाला तिथे दार नव्हतं, आणि दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर माल दाखवण्याचा सल्ला देणारे भेटले तरी निर्यातदाराने तो मानला नाही.

न्यायालयात जाणं. निर्यातबंदी घालण्याचा केंद्राचा अधिकार विदेश व्यापार कायद्यात स्पष्ट आहे. आदेशाच्या वैधतेवर लढायला काही हाती नव्हतं, आणि तारीख लागेपर्यंत कांद्याला पालवी फुटली असती.

आणि पाचवी वाट, जिच्याबद्दल उघड कोणी बोलत नाही: दुसऱ्या मालाच्या नावाखाली कांदा बाहेर काढणं. पुढच्या काही आठवड्यांत टोमॅटोच्या क्रेटमागे दडवलेला कांदा कस्टम्सने पकडल्याच्या बातम्या आल्या. या निर्यातदारालाही असा निरोप आला होता. आयात-निर्यात कोड गेला तर धंदाच गेला, एवढा विचार करून त्याने फोन ठेवला.

प्रत्यक्षात निवड झाली ती दुसऱ्या वाटेची, आणि तीही ठरवून नाही. कोणीच काही ठरवलं नाही, म्हणून वाट पाहणं घडलं. पाचव्या दिवशी भागीदाराने हट्ट धरला तेव्हा ३० टन कोलकात्याला गेला. भाडं वजा जाता २३ रुपये पडले. तोवर लासलगावचा भाव जवळपास निम्म्यावर येऊ घातला होता. उरलेल्या ५० टनांची पुन्हा निवड करावी लागली, १२ टन सड आणि घट धरून गेला, ३८ टन डिसेंबरच्या शेवटी १६ रुपयांनी विकला.

चौथा निर्णय: शेतकऱ्यांची पट्टी

लिलावात ठरलेल्या भावाची चिठ्ठी म्हणजे पट्टी, आणि तिच्यावरचे पैसे त्याच दिवशी द्यायचे असा नियम आहे. व्यवहारात काही दिवसांची मुदत चालते. ७ तारखेच्या सकाळच्या २२ टनांचे, म्हणजे अकरा-बारा वाहनांचे पैसे बाकी होते. आजूबाजूच्या काही खळ्यांवर शेतकऱ्यांना बोलावून 'भाव पडलाय, थोडं समजून घ्या' सुरू झालं होतं. निर्यातदारानेही एका वयस्कर शेतकऱ्याजवळ विषय काढून पाहिला.

"शेठ, भाव पडला तो तुमच्या खळ्यावर. माझ्या पट्टीवर नाही पडला."

विषय तिथेच संपला. सगळ्यांना सौदापट्टीच्या भावाने पूर्ण पैसे गेले, आठवड्याच्या आत. त्यासाठी बँकेच्या कॅश क्रेडिटमधून उचल करावी लागली. हा निर्णय भावनेचा वाटेल, पण धंद्याच्या दृष्टीनेही तो बरोबर होता. लिलाव पुन्हा सुरू झाले तेव्हा या खळ्यावर माल टाकायला कोणी का-कू केली नाही. पट्टी कापणाऱ्यांना मात्र काही काळ रोख मोजावी लागली.

पाचवा निर्णय: मलेशियातला खरेदीदार

न गेलेल्या दोन कंटेनरपोटी ३० टक्के आगाऊ रक्कम आलेली होती. कंटेनरमागे २२,४०० डॉलर धरले तर दोन्हींचे मिळून १३,४४० डॉलर. करारात सरकारी बंदीबद्दल एक शब्द नव्हता. खरेदीदाराने पहिल्याच फोनवर पैसे परत मागितले नाहीत. त्याने विचारलं, माल कधी? यावर उत्तर देता येत नव्हतं. 'एप्रिलमध्ये' म्हणायचा मोह होता, कारण आदेशात ३१ मार्च लिहिलं होतं. निर्यातदार तसं म्हणाला नाही, आणि ते शहाणपणाचं ठरलं, कारण २२ मार्चला बंदी पुढील आदेशापर्यंत वाढली. खरेदीदार पाकिस्तानी आणि चिनी मालाकडे वळला. आगाऊ रक्कम बँकेमार्फत दोन हप्त्यांत परत गेली.

निष्पत्ती

सहापैकी चार कंटेनर गेले. न गेलेला एकूण माल १०८ टन, खरेदी किंमत सुमारे ३८ लाख ८८ हजार. त्यातून वसूल झाले सुमारे साडेवीस लाख. तोटा १८ लाखांच्या पुढे, आणि रीफर, परतीचा खर्च, दुबार निवड, बँकेचं व्याज धरून २१ लाखांच्या आसपास.

हा आकडा फोडून पाहिला तर वेगळं चित्र दिसतं. ज्या पाचव्या कंटेनरवरून भागीदारांत भांडण झालं, त्यात मालाचा तोटा अडीच लाखांचा. खळ्यावरच्या ८० टनांत जवळपास १६ लाखांचा. सगळा ८० टन पहिल्या काही दिवसांत कोलकात्याच्या भावाने निघाला असता तर हाच तोटा साडेपाच लाखांनी कमी झाला असता. बंदीने केलेलं नुकसान टाळता येण्यासारखं नव्हतं. हे साडेपाच लाख मात्र टाळता आले असते.

बंदी ४ मे २०२४ ला उठली, नाशिक-दिंडोरीच्या मतदानाच्या सोळा दिवस आधी, आणि तोही शनिवार. पण सोबत ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क. म्हणजे टनाला ७७० डॉलर, जवळपास जुन्या ८०० इतकेच. मधल्या काळात सरकारी निर्यातीला परवानग्या निघाल्या होत्या: मार्चमध्ये बांगलादेशला ५० हजार टन, संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन, नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेडमार्फत. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची परवानगी निघाली तेव्हा नाशिकमध्ये संताप झाला. खासगी निर्यातदार या सगळ्यात प्रेक्षक होता. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही शून्य झालं. मलेशियाचा खरेदीदार परत आला, पण आता तो अर्धा माल दुसरीकडून घेतो.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट म्हणजे इशारा वाचणं. १३ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने ८५० डॉलरचं किमान मूल्य लावलं होतं आणि २९ सप्टेंबरला, सोळा दिवसांत, पूर्ण बंदी आणली. २०२० मध्ये तर मधली पायरीच वगळून १४ सप्टेंबरला थेट बंदी. किमान मूल्य लागलं, तरी भाव उतरत नाहीत, वर गारपीट झाली: यापुढची पायरी कोणती, हे ओळखायला दिल्लीत ओळख लागत नाही. किमान मूल्यावर लिहिलेली ३१ डिसेंबर ही मुदत निर्यातदाराने अभय म्हणून वाचली. अधिसूचनेतली तारीख सरकारला बांधत नाही. ती दुसऱ्या अधिसूचनेने कधीही बदलते. अशा काळात खळ्यावर दोन कंटेनरपुरताच माल ठेवणं शक्य होतं. भाव चढता असताना ते जड गेलं असतं, हेही खरं.

दुसरी, लेटर ऑफ क्रेडिटची. परराष्ट्र व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५ मध्ये, निर्बंधाआधी उघडलेल्या अपरिवर्तनीय लेटर ऑफ क्रेडिटवरच्या निर्यातीला संरक्षण देणारी तरतूद आहे. ते असतं तर वाचलो असतो, असं निर्यातदार अजून म्हणतो. मला तेवढी खात्री नाही. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर बंदी आली तेव्हा ही तरतूद लागू नाही असं आदेशातच लिहिलं होतं. ढाल आहे, पण ती काढून घ्यायचा अधिकार समोरच्याकडेच आहे. त्यापेक्षा गेट-इनची वेळ लवकर पाडणं जास्त हातातलं: कागदपत्रं आधी तयार ठेवून गाडी दुपारी आत जाईल अशी सोडणं, शेवटच्या कट-ऑफची वाट न पाहणं.

तिसरी, दोन माणसांत काम वाटून घेण्याची. त्या चार दिवसांत एकाने बंदर आणि दुसऱ्याने खळा सांभाळायला हवा होता, आणि खळा सांभाळणाऱ्याला विकण्याचा पूर्ण अधिकार हवा होता. दोघंही न्हावा शेवाच्या फोनवर होते.

सरकारच्या बाजूनेही काही म्हणता येईल. दुष्काळी ऑगस्टनंतर भाव चढत असताना हात बांधून बसा, असं कोणत्याही सरकारला सांगता येत नाही, आणि आधी सूचना दिली तर बंदराकडे गाड्यांची रांग लागून बंदीचा हेतूच फसतो, हा युक्तिवादही खोटा नाही. पण शुल्काला एक कसोटी आणि बंदीला दुसरी, हे कशासाठी? निर्यातीसाठी सील झालेला आणि ई-वे बिल निघालेला माल किती असेल? एका दिवसाची मुभा त्याला दिली असती तर देशातल्या कांद्याच्या भावात फरक पडला नसता. पडताळणीसाठी त्या नोंदी सरकारकडेच होत्या.

निर्यातदाराने आता प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्ये चार ओळींचं कलम घातलं आहे: सरकारी आदेशाने माल अडला तर आगाऊ रक्कम साठ दिवसांत परत, त्यापुढे दोन्ही बाजूंचा दावा नाही. मलेशियाच्या खरेदीदाराने त्यावर सही केली. दुबईच्या एकाने केली नाही, त्याच्याशी व्यवहार थांबला आहे. भागीदाराने हंगामात खळ्यावरच्या मालाला ५० टनांची मर्यादा घातली आहे. गेल्या लाल कांद्याच्या हंगामात ती दोनदा मोडली.